पहिल्या ओळीला एकच बाण

कोयनानगरच्या वसाहतीत जोतीराम हवालदारासारखा शब्दांचा चिक्कू माणूस दुसरा नव्हता. तंबाखूला आणि चहाला त्याचा हात मोकळा. पावसाळ्याच्या तोंडावर कुणाची कौलं फिरवायची असली तर न बोलावता शिडी घेऊन हजर. पण बोलायची वेळ आली की गडी मुका. फौजेच्या सिग्नल विभागात त्यानं सोळा वर्षं काढली होती आणि तिथल्या उस्तादानं पहिल्याच दिवशी त्याच्या डोक्यात एक गोष्ट ठोकून बसवली होती: तारेवरून एक शब्द जास्त गेला तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी निरोपाची जागा खातो. हे त्यानं इतकं मनावर घेतलं, की शेजाऱ्याला "जेवण झालं का?" असं विचारायचं असलं तर तो नुसता "जेवण?" म्हणे. लग्नानंतर पलटणीत परत गेल्यावर बायकोला त्यानं पहिलं पत्र धाडलं, त्यात "पोचलो" एवढाच मजकूर होता.

लीलाबाईनं ते पत्र ट्रंकेत साड्यांच्या तळाशी जपून ठेवलं होतं. पाहुणे आले की ती हटकून बाहेर काढी.

"ह्ये बघा आमच्या मालकांचं प्रेमाचं पत्र," ती म्हणे. "वाचून दमायला व्हतंय बघा."

जोतीराम मिशीतल्या मिशीत हसे. त्यावरही काही बोलत नसे.

पेन्शनीवर घरी आल्यावर त्याला धरणाच्या वसाहतीतच काम मिळालं. तिथं भूकंपाच्या नोंदी ठेवणारं एक लहानसं केंद्र होतं. त्या भागातली जमीन स्वस्थ बसणारी नव्हे. फळीवरची भांडी किणकिणली की बायका "आला गं" म्हणत, चुलीवरचं दूध उतरवून खाली ठेवत आणि भांडी गप्प झाली की परत वर चढवत. त्यातल्या प्रत्येक हादऱ्याची तारीख, वेळ आणि जोर टिपून ठेवायचा, हे केंद्राचं काम. जोतीरामला टेलिप्रिंटर चालवता येत होता, म्हणून त्याला घेतलं. काम बोटांचं होतं, जिभेचं नव्हतं, त्यामुळे दोघांचंही जमलं.

केंद्राचे साहेब मूळचे सांगलीचे. परदेशात शिकून आलेले, अंगानं किरकोळ, स्वभावानं मऊ. सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत, आणि त्यावरून वसाहतीतल्या एक-दोन म्हाताऱ्या त्यांच्याकडे गुडघेदुखीचं औषध मागायलाही येऊन गेल्या होत्या. १९७७ च्या उन्हाळ्यात त्यांच्या खटपटीनं परदेशातल्या एका विद्यापीठानं आपलं जुनं कॉम्प्युटर मशीन केंद्राला दिलं. कपाटाएवढं धूड ट्रकमधून घाट चढून आलं आणि त्याच्या तोंडाला एक टेलिप्रिंटर जोडला गेला. आपण हुकूम टाइप करायचा, मशीननं तो पाळायचा आणि उत्तर त्याच कागदावर खडखडत छापायचं. हुकूम म्हटल्यावर जोतीरामला मशीन एकदम आपलं वाटलं. जो सांगितलेलं ऐकतो आणि उगीच बोलत नाही, त्याच्याशी त्याचं पटणारच.

पुढची दोन वर्षं कष्टाची गेली ती सुरय्याची. सुरय्या उंब्रजच्या एका शिंप्याची मुलगी. कराडला टायपिंग शिकलेली, वसाहतीत मामाकडे राहून केंद्रात हंगामी नोकरी करणारी. मोठ्या भूकंपापासूनच्या हादऱ्यांच्या जाडजाड वह्या होत्या. त्यातली एकेक ओळ वाचून ती टाइप करी. टेलिप्रिंटरला एक भोकं पाडणारा दात होता, त्यातून बोटभर रुंदीची पिवळसर कागदी पट्टी निघे. पट्टीवरच्या भोकांच्या नक्षीतच सगळे आकडे. ती पट्टी मशीनला खाऊ घातली की आकडे त्याच्या पोटातल्या फाईलमध्ये जाऊन बसत. एका पट्टीत साधारण सत्तर नोंदी मावत, लांबी दोन-तीन पुरुष. पट्टी भरली की सुरय्या तिच्या टोकावर पेन्सिलीनं नंबर घाली.

पोटात गेल्यावर पट्टीचं काम संपलं. डॉक्टरसाहेबांनी त्या जाळून टाकायला सांगितल्या होत्या. पण खोली झाडायला येणाऱ्या हरणाबाईनं कपाळाला हात लावला.

"जाळताय कशापायी? जाळीवानी दिसत्यात की ह्या! आमच्या गणपतीला व्हतील."

तेव्हापासून भूकंपाच्या पट्ट्या वसाहतीच्या गणपतीच्या मखराला लटकू लागल्या. हरणाबाई विसर्जनानंतर त्या नीट गुंडाळून ठेवी आणि पुढच्या साली परत काढी.

जोतीरामला मात्र त्या सगळ्या फाईलमध्ये एकाच ओळीशी कर्तव्य होतं. पहिल्या. मोठ्या भूकंपाची ओळ ती: ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. त्या पहाटे त्याची आई बनुबाई कोयनेच्या काठच्या वाडीत घराच्या भिंतीखाली गेली होती. जोतीराम त्या वेळी बर्फात, सरहद्दीवरच्या चौकीत कानाला यंत्र लावून बसलेला. निरोप आला. बोटांच्या सवयीनं तो अक्षर अक्षर उतरवून घेत गेला आणि पाचव्या शब्दाला त्याला कळलं की निरोप आपल्याच नावाचा आहे. उरलेले तीन शब्दही त्यानं न चुकता उतरवले, खाली वेळ टाकली आणि "मिळाला" असं उलट कळवलं. गावी पोचेपर्यंत तेरा दिवस गेले होते. आईसाठी त्याला काहीच करता आलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्यानं केंद्रात कधी कुणाला सांगितली नव्हती. फक्त रोज सकाळी कामाला बसण्याआधी तो मशीनला फाईलची पहिली ओळ छापायला सांगे, ती वाची आणि मग दिवस सुरू करी. सुरय्याला वाटे, मशीन नीट चालतं का ते काका बघतात.

१९७९ च्या गणपतीत डॉक्टरसाहेबांच्या आईचं मोतिबिंदूचं ऑपरेशन निघालं. साहेब आठ दिवसांसाठी सांगलीला निघाले, आणि रोजचं काम त्यांनी जोतीरामवर सोपवलं. आदल्या दिवसाच्या नोंदींवरून हादऱ्यांचा हिशेब मांडायचा हुकूम द्यायचा आणि मशीन जे उत्तर देईल ते कागदावर न छापता थेट फाईलच्या शेवटी चढवायचं. साहेबांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: आधी हुकुमाचं नाव, मग दोन बाण, मग फाईलचं नाव.

बाण म्हणजे टेलिप्रिंटरवरची ती टोकदार खूण. दोन कशाला, हे साहेबांनी सांगितलं नाही आणि जोतीरामनंही विचारलं नाही. वरून आलेल्या हुकुमाला "का" विचारायचं नसतं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्यानं आपल्या मनाशी अर्थ लावला: एक बाण म्हणजे "त्या फाईलमध्ये टाक", आणि दुसरा म्हणजे निरोप नक्की पोचावा म्हणून तोच शब्द दोनदा पाठवतात तसला. फौजेत पाठवत असत. त्याला तो दुसरा बाण मनातून उधळपट्टी वाटे. तरी पाच दिवस त्यानं मुकाट्यानं दोन-दोन मारले.

सहाव्या दिवशी, शुक्रवारी, बाहेर कोयनेचा पाऊस कौलं फोडत होता. वीज सारखी खालीवर होत होती आणि दिवा मिचकावला की मशीन कण्हे. वीज जाण्याच्या आत काम उरकावं म्हणून जोतीराम घाईनं हुकूम टाइप करत होता. बाणाची खूण उमटवायला दोन कळा एकदम दाबाव्या लागत. एक बाण उमटला. दुसऱ्या वेळी दमट हवेनं कळ अडकली. पुन्हा दाबली, पुन्हा अडकली. दिवा मिचकावला.

'एक पोचला की बास,' जोतीराम मनात म्हणाला आणि फाईलचं नाव टाइप करून त्यानं हुकूम सोडला.

मशीन थोडं घुमलं आणि गप्प झालं. मग रोजच्या रिवाजाप्रमाणे त्यानं फाईलमध्ये एकूण ओळी किती ते विचारलं. काल चार हजार तीनशे बारा होत्या. आजच्या सात. चार हजार तीनशे एकोणीस यायला हव्या होत्या.

टेलिप्रिंटरनं छापलं: सात.

जोतीरामनं पुन्हा विचारलं. सात. पहिली ओळ छापायला सांगितली, तर कालच्या दुपारचा एक फुटकळ हादरा छापून आला. दुसऱ्या बाणाचा अर्थ त्याला आत्ता, न विचारता कळला. दोन बाण म्हणजे आधीचं राहू दे, त्याच्या शेवटी जोड. एक बाण म्हणजे पाटी पुसून कोरी कर आणि मग लिही. बारा वर्षांचे हादरे, सुरय्याची दोन वर्षांची बोटं आणि बनुबाईची ओळ त्यानं एक खूण वाचवण्यापायी पुसून टाकली होती.

सुरय्या छत्री झटकत आत आली तेव्हा तो खुर्चीत तसाच बसला होता. कागदावरचा आकडा तिनं वाचला. ती पोर भिंतीला टेकून उभी राहिली. तिला जे कळलं ते जोतीरामलाही ठाऊक होतं. सोमवारी साहेबांबरोबर दिल्लीहून तपासणीची समिती यायची होती. समितीला फाईलमधली यादी पुरी दाखवायची, आणि मग सुरय्याची जागा कायम व्हायची. मूळ वह्या आधीच दिल्लीला गेलेल्या. फाईलची नक्कल ठेवलेली टेप श्रावणातच बुरशीनं खाल्ली होती आणि नवी अजून वाटेत होती.

"चूक माजी," जोतीराम म्हणाला. "सायबाला तसं लिवतो. तुजं नाव न्हाई येणार."

"नावाचं काय घिऊन बसलाय, काका," सुरय्या म्हणाली. "दोन वर्सं गेली की माजी." मग तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि त्याच्याकडे बघितलं. सहा फुटी हवालदार खुर्चीत पोरासारखा अंग चोरून बसला होता. दुसरी कुणी असती तर चार शब्द सुनावून मोकळी झाली असती, आणि तिचा तो हक्कही होता. ती म्हणाली, "पाणी प्या आधी. मग बघू."

जोतीराम ते पाणी जन्मभर विसरला नाही. पुढं कुणाच्याही हातून चूक झाली की तो आधी तांब्या भरून आणी.

हरणाबाई दारात केरसुणी घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं, त्यातलं निम्मं तिला कळलं आणि तेवढं पुरलं.

"आवं हवालदार, आकडं त्या पट्ट्यांत असत्यात न्हवं? भोकाभोकांत?"

"व्हय."

"मग रडताय काय? गणपतीपाशी हाईत की समद्या!"

सुरय्यानं तोंडावर हात ठेवला. जोतीराम उठला तो छत्री न घेताच.

गणपती वसाहतीच्या शाळेच्या हॉलमध्ये बसला होता. उद्या अनंत चतुर्दशी, उद्याच विसर्जन. मखराच्या वर, दोन्ही बाजूंना, छताच्या वाशांवरून त्या पिवळ्या पट्ट्या झालरीसारख्या लोंबत होत्या. मंडळाचा म्होरक्या कोंडीबा, धरणावरचा जुना मुकादम, समईत तेल घालत होता. ओलाचिंब जोतीराम सरळ शिडीकडे निघालेला बघून तो आडवा आला.

"हवालदार, काय चाललंय ह्ये?"

"पट्ट्या पायजेत, तात्या."

"उद्या घ्या. देव बसलाय तवर मखराला हात न्हाई लावायचा. आजवर कुणी लावला न्हाई."

कोंडीबाचं चूक नव्हतं. भरल्या मखराची आरास उतरवायची म्हणजे देवाला उघडं करायचं, आणि ज्या गावानं एकदा छपरं डोक्यावर पडताना बघितली तिथं अशा गोष्टीची धास्ती जास्तच. पण उद्या मिरवणुकीसाठी हॉलची दारं सताड उघडली की असल्या पावसात त्या पट्ट्यांचा लगदा झाला असता. हरणाबाई विसर्जनानंतर उतरवायला येईपर्यंत गर्दीत चार-दोन फाटल्या असत्या आणि चार-दोन पोरांनी पळवल्या असत्या. सोमवारच्या यादीत तेवढी भोकं पडली असती. हे सगळं समजावून सांगायला हवं होतं, आणि सांगायची वेळ आली नेमकी जोतीरामवर.

"पोरगीची दोन वर्सं हाईत त्यात," तो म्हणाला. मग थांबला. एवढ्यावर भागत नाही हे त्यालाही दिसलं. "मी पुसली, तात्या. हुशारी केली आन् पुसली. तुमी म्हणाल त्ये प्रायश्चित्त घेतो. पर ह्या पट्ट्या धडक्या गावल्या न्हाईत तर तिची नोकरी जाईल, आन् माज्या जिवाला कवाच थारा मिळायचा न्हाई."

जोतीराम हवालदाराच्या तोंडून एका दमात इतके शब्द कोंडीबानं आजवर ऐकले नव्हते. त्यानं तेलाची बुधली खाली ठेवली. पण देवाला उघडं करायला त्याचा जीव होईना, आणि हॉलमध्ये जमलेल्या चार माणसांचाही होईना.

वाट हरणाबाईनं काढली. कोंडीबा आडवा येणार हे ओळखून ती वाटेत घरी जाऊन, बगलेत एक गाठोडं मारूनच आली होती. तिनं ते सोडलं. आत तिची लग्नातली हिरवी साडी होती.

"एक पट्टी उतरली की तितं एक साडी चढवायची," ती म्हणाली. "देव उगडा ऱ्हायचाच न्हाई. मग तर झालं, कोंडीबादाजी?"

कोंडीबानं साडीकडे बघितलं, मग गणपतीकडे. "चढवा," तो म्हणाला, आणि शिडी त्यानं स्वतःच धरली.

त्यानंतरचे दोन तास वसाहत नंतर कितीतरी वर्षं सांगत राहिली. निरोप दारोदार गेला आणि पावसातून बायका साड्या घेऊन येऊ लागल्या. कुणी इरकली आणली, कुणी पोलक्यासाठी ठेवलेला खण. सुरय्याच्या मामीनं निकाहातला जरीचा दुपट्टा काढून दिला. लीलाबाईनं ट्रंकच रिकामी केली. जोतीराम शिडीवर चढून पट्टीची गाठ नखानं सोडवी, ओढत नसे. हरणाबाई त्याच जागी साडीचा पदर खोची. सुरय्या खाली बसून पट्टीचं टोक बघे, नंबर मोठ्यानं वाची आणि गुंडाळी करून सुपात ठेवी. "चाळीस! सतरा! बावन्न!" बायकांनाही त्याचा नाद लागला. नंबर आला की सगळ्या मिळून ओरडत. मखर बघता बघता असं सजलं की कोंडीबाच म्हणाला, पुढच्या सालापासून हेच करायचं.

एकसष्ट पट्ट्या असायला हव्या होत्या. मंडपातून अठ्ठावन्न निघाल्या. मखर सजल्यानंतरच्या दोन केंद्रातल्या टोपलीतच होत्या; साहेब गेल्यापासून रोज चढवलेल्या नोंदीही सुरय्यानं त्यांतच पाडून ठेवल्या होत्या. साठ झाल्या. सगळीकडे शोधलं. एक नंबरची पट्टी कुठंच नव्हती.

"एक नंबर म्हंजी ती बारकी?" हरणाबाईनं विचारलं. "वीतभर?"

"व्हय. मी पयल्या दिशी नमुन्याला क्येली व्हती," सुरय्या म्हणाली. "एकाच ओळीची. मोठ्या भूकंपाची."

हरणाबाईचा चेहरा पडला. "ती दोन सालामागं दुर्वांच्या जुडीला बांदली मी. गेली देवासंगं नदीत."

सुरय्याच म्हणाली, "एका ओळीचं काय येवढं? वह्या आल्या दिल्लीस्नं की घालू." आणि ती सूप ओढणीखाली झाकून केंद्राकडे चालू लागली. जोतीराम तिच्या मागून चालला.

पाऊस ओसरला होता आणि वीज आता स्थिर होती. जोतीराम खुर्चीत बसला. अडकणाऱ्या कळेत त्यानं खोबरेल तेलाचा एक थेंब सोडला, दहादा दाबून बघितली. सुरय्यानं भोकं पाडणारा दात चालू केला आणि दोन नंबरची पट्टी हातात घेऊन ती तयार उभी राहिली.

पण त्यानं पट्टी मागितली नाही. आधी हुकूम टाइप केला, आणि सुरय्या एकदम ओरडली.

"काका! एकच बाण मारलाय!"

"पयल्या ओळीला एकच," जोतीराम म्हणाला. "कोऱ्यातनं सुरू करायचं हाय. आजचं सात शेवटी परत चढवू."

मग त्यानं चिठ्ठी नाही, वही नाही, काही न बघता ती ओळ टाइप केली. तारीख, तास, मिनिट, जोर. बोटं एकदाही थांबली नाहीत. टेलिप्रिंटरच्या बाजूनं वीतभर पिवळी पट्टी बाहेर आली. सुरय्यानं ती तोडून बाजूला ठेवली आणि त्याच्याकडे नवलानं बघितलं, पण विचारलं काही नाही. समोर साठ पट्ट्या होत्या.

दर पट्टीला तो हुकूम टाइप करी, दोन बाण मारी आणि हात वर उचलून थांबे. सुरय्या वाकून कागदावर बोट ठेवून मोजी, "एक, दोन," आणि मगच तो हुकूम सोडी. असं एकदा नाही, साठ वेळा. पट्टी सळसळत मशीनमध्ये जाई. मध्ये हरणाबाई चहा देऊन गेली. एक पट्टी जरा फाटलेली निघाली, ती सुरय्यानं डिंकानं सांधून, भोकं जुळवून, फुंकर मारून सुकवली. दिवेलागणीच्या सुमाराला एकसष्टावी पट्टी सरली. शेवटी त्या दिवसाचे सात हादरे दोन बाणांनी चढवले.

"आता इचारा," सुरय्या म्हणाली.

"तू इचार," जोतीराम उठून उभा राहिला. "माजं हात गार पडल्यात."

सुरय्या बसली आणि तिनं ओळी किती ते विचारलं. टेलिप्रिंटर खडखडला. चार हजार तीनशे एकोणीस.

तिनं आकडा दोनदा वाचला आणि मग हसता हसता रडायला लागली. जोतीरामचा जीव भांड्यात पडला. पण तो खुर्चीमागं उभाच राहिला, काहीतरी बाकी असल्यासारखा.

"काका," डोळे पुसून सुरय्यानं शेवटी विचारलं, "ती पयली ओळ तुमाला पाठ कशी? मी टाइप क्येली, पर माज्या ध्येनात मिनिटसुदीक न्हवतं."

जोतीरामनं बाजूची वीतभर पट्टी बोटानं सरळ केली.

"त्या मिनिटाला माजी आई गेली," तो म्हणाला. "मी लांब व्हतो. बातमी माज्याच हातावर आली, मीच लिवून घेतली. मातीला न्हवतो, काई न्हवतो." त्यानं मशीनकडे बोट केलं. "ह्ये आलं तवा बघितलं, ह्याच्यात पयली ओळ तिचीच. कुणीतरी लिवून ठिवलीय. ती तू लिवलीस, पोरी. तुला ठावं न्हाई, पर आमच्या आईची येळ तू लिवून ठिवलीस. आन् मी तीच पुसली, तर पाणी दिलंस मला. लय उपकार झालं तुजं." तो थांबला, आणि निरोप नक्की पोचावा म्हणून परत म्हणाला, "लय उपकार झालं."

सुरय्यानं मान खाली घातली. मग बाजूला पडलेली वीतभर पट्टी तिनं उचलली, पेन्सिल घेतली आणि टोकावर एकचा आकडा घातला.

"नाव काय त्यांचं?"

"बनुबाई."

आकड्याखाली तिनं बारीक अक्षरात "बनुबाई" लिहिलं आणि पट्टी त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी साड्यांच्या मखरातून गणपती उठला आणि वाजतगाजत नदीवर गेला. सोमवारी डॉक्टरसाहेब आले. जोतीरामनं झाल्या प्रकाराचा कबुलीजबाब चांगला दोन पानं भरून लिहून दिला. साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, दुसऱ्या बाणाचं कारण मी सांगायला पाहिजे होतं, निम्मी चूक माझी. समितीनं यादी बघितली. संक्रांतीच्या आधी सुरय्याच्या नोकरीचं पत्र आलं, आणि उंब्रजहून तिच्या बापानं जोतीरामला एक सदरा शिवून पाठवला. माप न घेता शिवलेला, खांद्यात जरा आखूड. तो त्यानं विरेपर्यंत वापरला. पुढच्या गणपतीपासून मखराला साड्या लागल्या त्या लागल्याच, आणि पहिली साडी हरणाबाईची असा मानच पडून गेला.

लीलाबाईची ट्रंक परत भरली. पाहुणे आले की ती अजूनही "पोचलो"चं पत्र काढी आणि हशा झाला की पत्राखालची वीतभर पिवळी पट्टी हळूच नवऱ्याच्या हातात देई. ती काय आहे असं पाहुण्यांनी विचारलं की जोतीराम मांडी घालून नीट बसे, आणि पाऊस कसा पडत होता तिथपासून सुरुवात करून, हरणाबाईची हिरवी साडी, शिडी धरणारा कोंडीबा, सुरय्यानं दिलेलं पाणी, सगळं सांगे, एक शब्दही न वाचवता.